‘यू’ला ‘आर’ का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पाचवीत इंग्रजी सुरू झालं, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं होतं : आय ॲम, ही इज, यू आर. खाली वुई आर, दे आर. एकाला ‘इज’, अनेकांना ‘आर’, असं सांगून ते खडू खाली ठेवत होते आणि मी उभा राहिलो. म्हटलं, ‘गुरुजी, यू म्हणजे तू. तू तर एकटाच असतो. मग त्याला आर का?’ गुरुजींनी फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढं करायला सांगितलं. छडी एकच बसली. वर्ग हसला.

मित्रहो, त्या छडीबद्दल आज माझी तक्रार नाही. गुरुजी मनानं वाईट नव्हते. त्यांना उत्तर ठाऊक नव्हतं, आणि साठ पोरांसमोर ‘मला ठाऊक नाही’ म्हणण्याची तेव्हा रीत नव्हती. पण प्रश्न काही हातावरच्या वळाबरोबर गेला नाही. तो मला पुढं बी.ए.च्या वर्षात, कॉलेजच्या ग्रंथालयात पुन्हा भेटला, आणि तिथं कळलं की प्रश्न चुकीचा नव्हताच. चुकला होता तो अर्थ. ‘यू’ म्हणजे ‘तू’ नव्हेच. ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’.

इंग्रजीत ‘तू’साठी वेगळा शब्द होता, ‘दाऊ’. ‘यू’ हे अनेकवचन. फ्रेंच दरबारी रीतीचं वारं इंग्लंडात शिरलं तसं तेराव्या शतकापासून मोठ्या माणसाला एकट्यालाही अनेकवचनानं बोलावणं सुरू झालं. आपण नाही का, दारात एकच पाहुणा उभा असला तरी ‘तुम्ही आलात’ म्हणत? तसंच. फरक इतकाच, की आपण ‘तू’ जपून ठेवला. आईला, देवाला, मित्राला आणि भांडणात. इंग्रजांनी आदर वाटत वाटत सगळ्यांनाच ‘तुम्ही’ करून टाकलं. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘दाऊ’ प्रमाण बोलण्यातून जवळजवळ गेला. उरला प्रार्थनेत, कवितेत आणि काही खेड्यांत.

हा बदल मुकाट झाला असं मात्र नाही. जॉर्ज फॉक्स आणि त्यांचे क्वेकर अनुयायी अडून बसले. देवापुढं सगळी माणसं सारखी, मग एका माणसाला अनेकवचन कशाला? न्यायाधीश असो की जमीनदार, ते ‘दाऊ’ म्हणत, डोक्यावरची टोपीही काढत नसत. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिला. फॉक्स यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १६६० साली एक पुस्तकच छापलं. जगातल्या अनेक भाषांत एकवचन वेगळं आणि अनेकवचन वेगळं असतं, हे दाखले देऊन विद्वानांना शिकवण्यासाठी! सर्वनामासाठी माणसं कोठडीत गेली, हे वाचलं तेव्हा मला माझी छडी फार किरकोळ वाटली.

पुढं अठराव्या शतकात लोकांनी मधला मार्ग काढला. एकट्या माणसाशी बोलताना अनेकजण ‘यू वॉज’ म्हणू लागले. एकाला ‘वॉज’, अनेकांना ‘वेअर’. अगदी माझ्याच शंकेचं उत्तर. चांगली शिकलेली माणसंही तसं लिहीत. मग १७६२ साली रॉबर्ट लाउथ यांचं छोटं व्याकरण आलं. लाउथ धर्मोपदेशक, पुढं लंडनचे बिशप झाले. त्यांनी ‘यू वॉज’ला घोर अपराध ठरवलं. तळटीपांत तर त्यांनी शेक्सपिअर, मिल्टन, ॲडिसन अशा एकेकाला उभं करून चुका काढल्या आहेत. ‘यू वॉज’ छापील पानांतून हद्दपार झालं. माझ्या तळहातावरच्या छडीचा मूळ मालक हा बिशप, असं मी गमतीनं म्हणतो.

हे सगळं आज सांगण्याचं कारण वेगळं आहे. कारकुनी सांभाळून गेली वीसेक वर्षं मी संध्याकाळी एक वर्ग घेतो. फी नाही, परीक्षा नाही. आखाती देशात जाऊ पाहणारे मेकॅनिक येतात, नर्सबाई येतात, रिक्षावाले येतात. आणि आया येतात. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हापासून मुलाबरोबर आईचीही शाळा सुरू झाली आहे. या सगळ्यांचे प्रश्न मी एका वहीत उतरवत आलो आहे. ‘फ्रॉम टू इयर्स’ का नाही, ‘फॉर’ का? ‘नो’ आणि ‘नाइफ’मधला ‘के’ बोलायचा नाही तर लिहायचा कशाला? ‘मी त्याला काल पाहिलं आहे’ हे मराठीत चालतं, मग ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’वर लाल रेघ का? माणसं बदलतात, वह्या बदलतात, प्रश्न तेच. आणि प्रत्येक जण विचारण्याआधी एक वाक्य हमखास म्हणतो : ‘सर, प्रश्न जरा येडपटच आहे, पण…’

या ‘येडपट’ शब्दावर माझं भांडण आहे. इंग्रजीचा इतिहास थोडा चाळून पाहिला, तर दिसतं काय? ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांनी विचारलं, म्हणून ते पुस्तकात आलं. घरच्या माणसाला घराचा जिना दिसत नाही, तो चढून जातो. पायऱ्या मोजतो तो पाहुणा.

सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली, १५७२ साली. माणसं जीव घेऊन लंडनला पळाली. विणकर होते, सोनार होते, कारागीर होते. हातात कसब, तोंडात भाषा नाही. त्यांच्यासाठी झाक बेलो नावाच्या फ्रेंच शिक्षकानं १५८० साली इंग्रजीचं पुस्तक काढलं आणि १५८६ साली संवादांचं दुसरं. त्या दुसऱ्या पुस्तकात तीन रकाने आहेत. एकात इंग्रजी, एकात फ्रेंच, आणि तिसऱ्यात इंग्रजीचा उच्चार फ्रेंच वळणानं लिहिलेला. म्हणजे आपल्याकडं एसटी स्टँडवर मिळणाऱ्या ‘घरबसल्या इंग्रजी’ पुस्तकांत देवनागरीत उच्चार दिलेला असतो ना, तोच प्रकार, सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वीचा. संवाद कशाचे? मासळी घेण्याचे, कोंबडी घेण्याचे, कापड घेण्याचे. निर्वासिताला आधी भाव विचारता यावा लागतो. व्याकरण नंतर. इंग्रजीचं इंग्रजीत लिहिलेलं पहिलं व्याकरण, विल्यम बुलोकर यांचं, तेही १५८६चंच. पण ते लॅटिनच्या साच्यात बसवलेलं. बेलोचं पुस्तक बाजाराच्या साच्यात आहे. मला विचाराल तर माझं मन बेलोकडे.

आणि गंमत पाहा. १५७९ साली, म्हणजे बेलोचं पहिलं पुस्तक निघण्याच्या आदल्याच वर्षी, टॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला. तोच फादर स्टीफन्स, ज्यानं पुढं मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, १६१६ साली छापलं. त्यानं तिथल्या बोलीचं, कोकणीचं, व्याकरणही लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापलं गेलं. म्हणजे लंडनमध्ये एक फ्रेंच माणूस परक्यांना इंग्रजी समजावतोय, आणि गोव्यात एक इंग्रज आपल्या लोकांना नाम कसं चालतं, क्रियापद कसं चालतं ते विचारतोय. त्यालाही कुणी हसलं असेल का?

‘शॅल’ आणि ‘विल’चा प्रश्न माझ्या वहीत सर्वांत जुना. ‘आय’ आणि ‘वुई’ला ‘शॅल’, बाकी सगळ्यांना ‘विल’. आणि जोर द्यायचा, वचन द्यायचं किंवा दटावायचं तर उलट. आमच्या पिढीनं हे घोकलं. हा नियम सविस्तर मांडला जॉन वॉलिस यांनी १६५३ साली. वॉलिस ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक. अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह आपण वापरतो, ते त्यांचंच. पण त्यांनी हे इंग्रजीचं व्याकरण लिहिलं लॅटिनमध्ये. का? तर परदेशी विद्वानांना इंग्रजी ग्रंथ वाचायचे होते, त्यांना कळावं म्हणून. इंग्रज माणूस ‘शॅल’ कुठं म्हणतो आणि ‘विल’ कुठं, हे इंग्रज माणसाला सांगायची गरजच नव्हती. पुढं त्या नियमाची मुंज झाली, तो इंग्रज मुलांच्याच डोक्यावर बसला. आणि १९०६ साली फाउलर बंधूंनी आपल्या पुस्तकात लिहिलं, की दक्षिण इंग्लंडच्या माणसाला हे उपजतच येतं, इतरांना ते साधणं कठीण. परक्यांसाठी पुस्तकात मांडलेला नियम, अडीचशे वर्षांनी परक्यांना जमायचा नाही म्हणून ठरला! आता तर खुद्द इंग्लंडातच ‘शॅल’ बव्हंशी ‘शॅल वुई गो?’पुरता आणि कायद्याच्या कागदापुरता उरला आहे. माझ्या वर्गात मी सरळ सांगतो, ‘विल’ म्हणा आणि पुढं चला.

शब्दयोगी अव्ययानं वाक्य संपवू नये, ही अशीच एक भानगड. कवी ड्रायडन यांनी १६७२ साली बेन जॉन्सनच्या लिखाणात ही चूक म्हणून दाखवली, आणि मग स्वतःच्या जुन्या निबंधातली तशी वाक्यंही बदलून टाकली. लॅटिनमध्ये तसं होत नाही, म्हणून इंग्रजीतही होऊ नये! कवी मंडळींच्या हाती व्याकरण गेलं की असं होतं. मी कवी आहे, म्हणून बोलतो.

लाउथ यांची शिस्त शाळाशाळांत पोहोचवली ती लिंडली मरे यांनी. हे मूळचे अमेरिकेतले वकील, प्रकृतीमुळं यॉर्कजवळ येऊन राहिलेले. शेजारच्या मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकांनी गळ घातली म्हणून त्यांनी १७९५ साली व्याकरण लिहिलं, आणि ते दोन्ही खंडांत अफाट खपलं. योगायोग असा की मरे स्वतः क्वेकर होते. ज्यांनी ‘दाऊ’साठी तुरुंग सोसला त्यांच्यातले. आपल्याकडं त्या घराण्यातलं पुस्तक म्हणजे रेन आणि मार्टिन. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते, आणि ‘बो जेस्ट’ या गाजलेल्या कादंबरीचे लेखकही तेच. या पुस्तकानं आम्हाला नियम दिले, सराव दिला. पण ‘का?’ला उत्तर तिथंही मिळत नसे.

‘अ’ आणि ‘ॲन’चंच घ्या. दोन्ही मुळात एकच, ‘एक’ या अर्थाचा शब्द. व्यंजनापुढं त्यातला ‘न’ गळाला. आता बोलताना ‘न’ अलीकडं की पलीकडं, हे कानाला कळत नाही. पाच-सहाशे वर्षांपूर्वी इंग्रजीत सापाच्या एका जातीला ‘नॅडर’ म्हणत. ‘अ नॅडर’ म्हणता म्हणता लोकांनी ते ‘ॲन ॲडर’ ऐकलं, आणि साप आपला ‘न’ हरवून बसला. स्वयंपाकघरातला ‘एप्रन’सुद्धा मूळचा ‘नेप्रन’. एका मुलानं ‘अ एप्रन’ लिहिलं तर त्याचा अर्धा गुण जातो. अख्ख्या इंग्लंडनं चूक केली, तर तो शब्दकोश होतो.

मात्र काही प्रश्नांना इतिहास कामाला येत नाही. एका नर्सबाईंनी विचारलं, ‘सर, “ही ॲडव्हाइज्ड मी टू गो” चालतं, मग “ही सजेस्टेड मी टू गो” का नाही चालत? मराठीत तर “सल्ला दिला” काय आणि “सुचवलं” काय, दोन्ही एकसारखं चालतं.’ हा प्रश्न इंग्रज माणसाला विचारा. तो म्हणेल, ‘कानाला बरं वाटत नाही.’ यापुढं त्याला सांगता येणार नाही, कारण त्याच्यावर विचारायची पाळीच आलेली नाही.

या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा नीट मांडलं गेलं ते लंडनमध्ये नव्हे, टोकियोत. हॅरॉल्ड पामर १९२२ साली जपानच्या शिक्षण खात्याचे सल्लागार म्हणून तिथं गेले आणि पुढच्या वर्षी त्यांनी इंग्रजी शिक्षणाच्या संशोधनाची संस्था काढली. ए. एस. हॉर्नबी १९२४ साली जपानमध्ये शिकवायला आले, ओइता या गावी. समोर जपानी मुलं. त्यांच्या भाषेत ‘अ’ नाही, ‘द’ नाही, एकवचन-अनेकवचनाची आपल्यासारखी सक्ती नाही. ती मुलं काय काय विचारत असतील! त्या चुका, त्या अडचणी समोर ठेवून हॉर्नबी आणि त्यांचे दोन सहकारी, गेटनबी आणि वेकफिल्ड, यांनी कोश रचला. त्यात नुसता अर्थ नाही. प्रत्येक क्रियापद कोणकोणत्या साच्यात बसतं, असे पंचवीस साचे आखून त्यांनी क्रियापदापुढं साच्याचा आकडा घातला. नामापुढं खूण : हे मोजता येतं, हे मोजता येत नाही. ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘ॲडव्हाइस’ यांना ‘एस’ का लागत नाही, याचं कारण नसलं तरी पत्ता मिळाला.

हा कोश छापला गेला कधी? १९४२ साली, टोकियोत. म्हणजे जपान आणि इंग्लंड एकमेकांवर बॉम्ब टाकत असताना. हॉर्नबींना तोवर युद्धामुळं अटकेत राहून मायदेशी परतावं लागलं होतं. शत्रूच्या भाषेचा इतका बारीक कोश त्या देशातल्या प्रकाशकानं त्या दिवसांत छापला, या गोष्टीपाशी मी नेहमी थांबतो. युद्ध संपल्यावर, १९४८ साली, ऑक्सफर्डनं त्याच पानांचे फोटो घेऊन तो पुन्हा काढला. आज ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणून जी जगभर चालते, ती हीच.

त्याच्या आधीची एक कडी आपल्या उपखंडातली आहे. मायकेल वेस्ट ढाक्याला शिक्षकांना शिकवत. बंगाली मुलं इंग्रजीत वर्षानुवर्षं घालवतात आणि साधं पुस्तक वाचू शकत नाहीत, हे त्यांनी पाहिलं. १९३५ साली त्यांनी एंडिकॉट यांच्या साथीनं एक कोश काढला. त्यात चोवीस हजारांच्या आसपास शब्द आणि वाक्प्रचार आहेत, पण त्यांचे अर्थ सांगताना वापरलेले शब्द फक्त १४९०. शब्दाचा अर्थ पाहायला जावं तर तिथं त्याहून अवघड शब्द, ही शिकणाऱ्याची जुनी रड. वेस्टनी ती ऐकली.

आता थोडं माझं. घरात आमची बोली दखनी. मराठीची शेजारीण. ‘नको’चं ‘नक्को’ तिनं मराठीकडून घेतलं, ‘ऐसाइच’मधला तो ‘च’सुद्धा आपलाच. पण दखनीत लिंगं दोन. मराठीत तीन. शाळेत पहिल्या वर्षी मी ‘तो पुस्तक’ म्हणालो आणि पोरं आठवडाभर मला ‘तो पुस्तक’ म्हणूनच हाक मारत. घरी येऊन अम्माला सांगितलं. ती म्हणाली, ‘हसने दे. पूछना नक्को छोड.’ मी विचारत राहिलो. खुर्ची ती का, टेबल ते का, दरवाजा तो का? वर्गातल्या इतरांना हे प्रश्न पडतच नव्हते.

पुढं कॉलेजात असताना एका मासिकाकडं कविता पाठवली. त्यात ‘बाग सुकला’ असं होतं. ती छापून आली, पण ‘बाग सुकली’ होऊन. पुढच्या ओळीतलं यमक लंगडं पडलं, ते तसंच ठेवलेलं. सोबत संपादकांचं कार्ड होतं. भाषा सौम्य होती. घरच्या बोलीमुळं आपल्याकडून लिंगाची चूक झाली आहे, मराठीत लिहायचं तर तेवढी काळजी घ्यावी. त्यानंतर दोन वर्षं मी कविता लिहिली नाही. जी भाषा आपली आहे असं धरून चाललो, तिच्या दारात कुणीतरी नाव-गाव विचारावं, तसं झालं.

मग एके दिवशी शालेय व्याकरणाचं पुस्तक चाळताना एक छोटी यादी दिसली. दोन लिंगांत चालणारे शब्द : वेळ, बाग, ढेकर, तंबाखू. बाग! तो बाग, ती बाग, दोन्ही. संपादकांना ते ठाऊक नव्हतं, कारण त्यांना कधी ती शंका आलीच नसेल. त्या दिवशी मी मोल्सवर्थचा कोश घेऊन बसलो. १८३१चा तो मराठी-इंग्रजी कोश, १८५७ साली वाढवून पुन्हा निघाला. मराठी न येणाऱ्या साहेबांसाठी केलेला. म्हणून त्यात नामापुढं लिंग दिलेलं आहे. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६चं. त्याच्या एकतीस वर्षं आधी, १८०५ साली, विल्यम केरी यांनी परक्यांसाठी मराठीचं व्याकरण छापलं होतं. मी त्याच रांगेतला, असं मला त्या ग्रंथालयात वाटलं. आणि कविता पुन्हा सुरू झाली.

मागच्या पावसाळ्यात ही बागेची गोष्ट मी वर्गात सांगितली. एक रिक्षावाला तरुण मागं बसला होता. तो म्हणाला, ‘सर, प्रश्न जरा येडपटच आहे. पण मग इंग्रजीत गार्डन तो का ती?’ मी म्हटलं, ‘बाबा, आता “इट” म्हणतात, सगळ्यांना एकच माप. पण हजार वर्षांपूर्वी इंग्रजीलाही मराठीसारखी तीन लिंगं होती. सूर्य ती, चंद्र तो, आणि बाई या अर्थाचा त्यांचा एक शब्द चक्क नपुंसकलिंगी. मग उत्तरेकडून समुद्र ओलांडून नॉर्स लोक आले, शेजारी राहिले, त्यांनी ती भाषा मोडक्यातोडक्या रीतीनं शिकली. त्यांच्या चुकांनी शब्दांची शेपटं झिजली आणि लिंगं गेली, असं बरेच अभ्यासक मानतात.’

त्याचं समाधान झालं नाही. म्हणाला, ‘ते झालं सर. पण गार्डनचं काय?’

‘गार्डन हा शब्द मागाहून फ्रेंचमधून आला. त्याआधी त्यांच्याकडं दुसरा शब्द होता, आजच्या “यार्ड”चा पणजोबा. कुंपणातली जागा, अंगण, बाग, सगळ्याला तोच.’

‘आणि तो?’

‘तो पुल्लिंगी होता.’